अर्धा तास थंड होऊ द्या

वैशाख लागला, करवंदीच्या जाळ्या काळ्या पडायला लागल्या, की आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात दोन वास हातात हात घालून फिरतात. एक हळदीचा, दुसरा जनरेटरच्या धुराचा. बाकीच्यांना हळदीचा वास आला की लग्न आठवतं. मला धुराचा वास आला की दामूमामा आठवतात, आणि ओठांवर असं काही हसू येतं की शेजारी बसलेली बाई विचारते, काय झालं गो, कोणाचा काटा काढलास?

काढला होता. वीस वर्षं होत आली. अजून त्याची चव जिभेवर आहे.

मागच्या आठवड्यात आसनगावला एका लग्नाला गेले होते. आता मांडव नाही, हॉल असतो. हॉलच्या मागे ट्रकएवढा जनरेटर, पत्र्याच्या पेटीत बंद, आवाज असा की मांजर घुरघुरतंय. त्याच्याकडे पाहून मला उगाच वाईट वाटलं. आमची मशीन दोघांनी उचलून टेम्पोत टाकायची, लाल रंगाची, पेट्रोलवर सुरू व्हायची आणि अंग तापलं की रॉकेलवर चालायची. तिचा आवाज दोन शेतं पलीकडे जायचा. लोक आवाजावरून सांगायचे, आप्पाची मशीन आली, म्हणजे लाइट गेली.

आप्पा म्हणजे माझे वडील. शहापुरात त्यांचं भाड्याने माइक, दिवे आणि मशीन देण्याचं काम. नव्वदच्या दशकात मशीन म्हणजे चैन होती. दोन हजार सालानंतर भारनियमन आलं आणि ती गरज झाली. सकाळी दहाला लाइट जायची ती दुपार कलल्यावर यायची, आणि आमच्याकडचे मुहूर्त नेमके त्यातच. मांडवाला जांभळीचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, उन्हात तापलेली कनात, पितळी पिंपात बर्फाची लादी, आणि मांडवाच्या मागे, वारा जिकडे बाहेर वाहतो त्या बाजूला, चार फळ्यांवर आप्पाची मशीन.

त्या जागेवरून दर लग्नात भांडण. लग्नघरातल्यांचं म्हणणं, आवाज होतो, पडवीत ठेवा, गोठ्यात ठेवा, पेंढ्याच्या खोलीत घालून दार लावून घ्या. आप्पा एरवी मऊ माणूस, पण इथे दगड. त्यांनी एकदा ऐकलं होतं आणि पस्तावले होते. वाशिंदच्या बाजूला एका घरात त्यांची पाठ वळताच मंडळींनी मशीन पडवीत ओढून दार लावून घेतलं. त्याच पडवीत डालग्याखाली तीन कोंबड्या होत्या. दुपारी दार उघडलं तर तिन्ही मान टाकून पडलेल्या, जणू निजल्यात. ना जखम, ना रक्त. त्या कोंबड्या कोणी खाल्ल्या नाहीत. आप्पा पुढे प्रत्येक घरी हेच सांगायचे, "त्या धुरातला इख दिसत नाय, त्याला वास पन नाय. मानूस निजतो तो निजतोच. मशीन उघड्यावर राहील, नायतर टेम्पोत राहील."

आवाजाचा खरा त्रास एकाच बाईला होता, आणि ती कधी तक्रार करायची नाही. भागीकाकू. आमच्याकडच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीन लागते. हळदीपासून ते अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि ते गायल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. भागीकाकू सत्तरीला टेकलेली, दात चार, पण आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. मशीनच्या आवाजाशी ती जमवून घ्यायची. तिचा वैरी निराळा होता. तिचा वैरी होता माइक, आणि माइक म्हणजे दामूमामा.

दामूमामा माझे कोणी मामा नव्हेत. ते दोन तालुक्यांचे मामा होते. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आणि मांडवात शिरल्या शिरल्या हात माइककडे. मुहूर्ताच्या तासभर आधी त्यांचं स्वागत सुरू व्हायचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव, पद, मग शाल, मग नारळ. पाहुणा जितका मोठा, तितकी त्याच्या नावामागे विशेषणं. लाडके, धडाडीचे, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी. तिकडे नवरी घामाने भिजून बसलेली, इकडे कैवारी संपत नाहीत. मध्येच भागीकाकू गायला लागली की मामा माइकवरूनच म्हणायचे, "आज्जे, जरा थांब, पाहुने बसून घेऊ दे." काकू तोंड मिटायची. दहा वर्षं तिने असं तोंड मिटलं.

आता ज्या लग्नाने हे सगळं पेटलं, शब्दशः पेटलं, त्याकडे येते.

मुरबाडच्या पुढचं एक गाव. ऐन वैशाख, लाइट गेलेली, मशीन चालू. मोठा कोणी पुढारी येणार म्हणून मामा माइकला चिकटलेले. रॉकेल संपत आलं तेव्हा आप्पांनी मांडवात जाऊन सांगितलं की आता मशीन बंद करतो, अर्धा तास थंड होऊ देतो, मग तेल भरतो. हा त्यांचा नियम. आधी बंद, मग थंड, मग तेल. चालत्या मशीनचा सायलेन्सर तव्यासारखा तापलेला असतो. त्यावर थेंब सांडला की पुढचं सांगायला माणूस जागेवर राहत नाही. तेलाचे डबेही ते मशीनपासून तीस पावलं दूर, सावलीत ठेवायचे. मशीनपाशी फक्त वाळूची बादली आणि ओलं गोणपाट.

मामा म्हणाले, अर्धा तास कसला, पाहुना वेशीवर आलाय. आप्पा नाही म्हणाले. मग यजमानांनी त्यांना चहाला म्हणून बाजूला नेलं, आणि मामा स्वतः जाऊन सावलीतला हाताला लागेल तो डबा घेऊन आले. तो पेट्रोलचा होता. मशीन चालू होती. मामांनी टाकीचं झाकण काढलं आणि ओतलं.

मी तिथे नव्हते. मी घरी आंब्याच्या फोडींना मीठ लावत होते. पण मी ते आप्पांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती आग मला दिसते. फक्‌ असा आवाज, सदऱ्याएवढी ज्वाळा, मामा डबा तिथेच टाकून कनातीपलीकडे गेलेले, आणि आप्पा चहाचा कप फेकून पळत आलेले. कनातीला आग धरायला दोन हात उरले होते. आप्पांनी पेटता डबा उजव्या हाताने उचलून शेतात भिरकावला आणि मशीनवर ओलं गोणपाट टाकून वर वाळूची बादली रिती केली. मांडव वाचला. आप्पांचा हात कोपरापर्यंत सोलला.

इथपर्यंत मी मामांना माफही केलं असतं. घाईत माणूस चुकतो. पण थोड्या वेळाने लाइट आली, माइक जिवंत झाला, आणि मामांनी तो हातात घेऊन सगळ्या मांडवाला सांगितलं, "मंडळी, घाबरू नका. आप्पाची मशीन भंगार झालीय, आपोआप पेटली. मी तर तिकडं गेलोच नाय."

आप्पा तेव्हा ओट्यावर बसून हातावर विहिरीचं पाणी ओतून घेत होते. त्यांनी ऐकलं. घरी आल्यावर मी विचारलं, का नाही बोललात? म्हणाले, लग्नघर होतं गो.

त्या लग्नसराईत आमची मशीन अंगणातच राहिली. आपोआप पेटणारी मशीन कोण नेणार? लोक रस्त्यात भेटले की आप्पांच्या हाताकडे बघायचे आणि नजर दुसरीकडे न्यायचे. कल्याणच्या डॉक्टरने हात वाचवला, पण बोटं पुरती मिटेनात. मशीनची दोरी ओढायला मूठ लागते. आप्पा रोज सकाळी अंगणात जाऊन मशीनवरची धूळ फडक्याने पुसायचे, डाव्या हाताने, आणि दोरीला हात लावून परत यायचे. मी खिडकीतून ते बघायचे. माझ्यात जे काही वाईट आहे ते त्या खिडकीत वाढलं.

मी तेव्हा पंचविशीची होते. एके दिवशी गेले आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन बोलली. आप्पा बाहेर आले, म्हणाले, "दोरी सरळ ओढ, तिरकी नको. आनि केस बांधून घे." झालं. त्या दिवसापासून मशीन माझी झाली.

पुढच्या वैशाखात एका तारखेला दोन्ही तालुक्यांत इतकी लग्नं निघाली की एकही मशीन उरली नाही. म्हणजे एक उरली. आमची. आणि ती मागायला कोण आलं असेल? दामूमामांची थोरली बहीण. तिच्या मुलाचं लग्न होतं, शहापूर तालुक्यातच, त्यांच्या गावी. ती बिचारी ओशाळून उभी होती. मी तिला पाटावर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि म्हटलं, मावशी, लग्न आमचंच समजा. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं हसू ओळखता यायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. परीक्षेला कधी केला नव्हता असा अभ्यास. अंगणात मशीन लावायची, मांडवाला लागतात तितके दिवे जोडायचे, रॉकेल मापाने मोजून ओतायचं आणि घड्याळ घेऊन समोर बसायचं. अर्ध्या लिटरला किती मिनिटं, एका लिटरला किती, ऊन असलं तर किती. आठवडाभरात माझा हात असा बसला की सांगा कधी बंद पाडायची, पाच मिनिटांचाही फरक पडणार नाही. खटका दाबून बंद करता आली असती, पण ते मला पटेना. खटका दाबणं म्हणजे लबाडी. तेल संपणं म्हणजे नशीब. राग मी असा मापून भरला, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की होती. नवरीच्या मुहूर्ताला धक्का लागता कामा नये. म्हणून हिशेब असा की मामांचं स्वागत रंगात आलं की मशीन बंद, पुढे अर्धा तास थंड, आणि मंगलाष्टकांच्या आधी पुन्हा चालू. मला फक्त मामांचा अर्धा तास हवा होता.

आदल्या दिवशी भागीकाकूकडे गेले. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी काहीच लपवलं नाही, सगळा बेत सांगितला. ती फुलं पसरत राहिली, मग म्हणाली, "त्याला गप कर गो, येक डाव. मंग मी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मदतही केली, पण ती काय, ते शेवटी सांगेन. थोडं थांबा. मीही वर्षभर थांबले होते.

लग्नाच्या दिवशी दहाला लाइट गेली. मी मशीन मांडवामागे फळ्यांवर ठेवली होती, केस बांधले होते, ओढणी कमरेला खोचली होती, कारण फिरत्या चाकाजवळ लोंबतं काही नको. दोरी ओढली, पहिल्या ओढीला चालू. बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, भीती नाय वाटत? मी म्हटलं, वाटते म्हणूनच आले.

मामा आले. नवाकोरा सदरा. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी अजून कधी कधी आठवून बघते, जुना फोटो काढून बघावा तसं. पण लगेच सावरले. माइक घेतला. स्वागत सुरू. एक शाल, दोन शाली, पाच शाली. मग गाडीचा हॉर्न ऐकू आला, मोठा पाहुणा आला, आणि मामांचा आवाज एक पट्टी वर गेला. "आपल्या तालुक्याचे लाडके, धडाडीचे, कार्य..."

फट्‌. फट्‌. फुस्स.

मशीन बंद. पंखे बंद. माइक बंद. मामांचे ओठ आणखी काही वेळ हलत राहिले. मग त्यांनी माइकवर बोटाने टकटक केलं, फुंकर मारली. मला ती फुंकर फार आवडली.

ते मांडवामागे आले, मागोमाग पन्नास-साठ माणसं, कारण लग्नात दुसरं काही बघायला उरलं नव्हतं. भागीकाकू पुढे येऊन उभी.

"काय गो, बंद कशी पडली?" मामांनी विचारलं.

"तेल संपलं, मामा."

"मंग भर."

"अर्धा तास थांबावं लागंल. मशीन तापलीय."

पाहुणा गाडीतून उतरतोय, अर्धा तास कोण थांबणार, पोरीच्या हातात मशीन दिली की असंच व्हायचं, हे सगळं ते बोलले. मी मान डोलवत ऐकलं. एरवी तीस पावलं लांब असणारा डबा त्या दिवशी मशीनपासून दोन हातांवर होता. पांढरा, त्यावर मोठ्या लाल अक्षरांत पेट्रोल. मी स्वतः ब्रशने लिहिलेलं. मामांनी तो पाहिला आणि उचलला.

इथे मी काय केलं ते ऐकून मी कोणाला क्रूर वाटेन. वाटू द्या. मी त्यांना अडवलं नाही. मी वाळूची बादली उचलली, दहा पावलं मागे गेले आणि मोठ्याने म्हटलं, "सगळ्यांनी मागं सरा. मामा तेल ओततायत. गेल्या साली मशीन आपोआप पेटली तेव्हा मामा जवळ नव्हते. आज जवळ हायत, तवा काय व्हायचं नाय."

माणसं मागे सरली. मोकळ्या जागेत मामा, डबा आणि मशीन. इतकी शांतता की तापलेला सायलेन्सर निवताना टिक्‌ टिक्‌ वाजत होता ते ऐकू येत होतं. मामांचा हात डब्याच्या झाकणावर गेला. एक आटा फिरला. मग थांबला. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून सदऱ्यावर पडला. मी मोजत होते. टिक्‌. टिक्‌. मामांनी झाकण परत घट्ट केलं, डबा हळूच खाली ठेवला, झोपलेल्या बाळाला ठेवतात तसा, आणि चार पावलं मागे आले.

भागीकाकूने कमरेवर हात ठेवले. "का रं दामू," ती म्हणाली, "तुला कसा म्हायत, भडका होतो तो?"

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. पन्नास माणसांनी आधी डब्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि प्रत्येकाच्या डोक्यात मुरबाडकडचं ते लग्न एकदम सरळ झालं. त्यांच्या बहिणीनेच खुर्ची आणून दिली. मामा बसले. बोलले नाहीत. अर्धा तास मामा बोलले नाहीत, आणि हे दोन तालुक्यांत पहिल्यांदा घडलं.

त्या अर्ध्या तासात भागीकाकू गायली. पंखा नाही, माइक नाही, मशीनचा आवाज नाही. दहा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं तिने सगळं सोडलं. मांडवाच्या टोकाला ताक पीत बसलेल्या त्या मोठ्या पाहुण्याला शालही मिळाली नाही आणि विशेषणंही नाहीत, आणि तो मान हलवत ऐकत बसला होता. नवरी पहिल्यांदा हसली. मी सायलेन्सरजवळ हात धरून बघितला, निवला होता. मग तीस पावलं जाऊन तेल आणलं, नरसाळ्याने भरलं, झाकण लावलं, सांडलेलं काही नाही याची खात्री केली, दोरी ओढली. मंगलाष्टकं वेळेवर झाली.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. हातवारे करून, मामांची फुंकर काढून दाखवून. ते ऐकत होते, उजवा हात मांडीवर पालथा. मला वाटलं आता हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी विचारलं, "अर्धा तास पुरा झाला व्हता ना?"

"पुरा. घड्याळ लावून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, जरा पाणी दे. दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं यायला लागली, मशीन मागायला. आप्पांच्या हाताकडे ती आता सरळ बघत होती.

मामांनी माफी कधीच मागितली नाही. मला नकोच होती. आप्पा गेले, भागीकाकू गेली, ती लाल मशीन भंगारात गेली. मला वाटलं गोष्ट संपली. आणि मागच्या आठवड्यात आसनगावच्या त्या हॉलमध्ये, जेवणाच्या पंगतीत, माझ्या पाठीमागून ओळखीचा आवाज आला. आता थकलेला, पण विशेषणं तशीच. दामूमामा तरुण मंडळींना गोष्ट सांगत होते. मशीन तापलेली, हातात पेट्रोलचा डबा, सगळा मांडव बघतोय, पाहुणा खोळंबलाय. "तवा मी इचार केला, आनि थांबलो. मी थांबलो म्हनून तो मांडव वाचला. नायतर दोनशे मानूस गेला असता."

तरुण मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या ताटातली जिलबी तशीच राहिली. मला त्या खिडकीत परत उभं केल्यासारखं झालं. मांडव वाचवणारा हात कोणाचा होता ते मला ठाऊक आहे. मी तो हात सहा वर्षं भाकरी कुस्करून खाताना पाहिलाय.

म्हणून हे लिहिते आहे. भागीकाकूला मी शब्द दिला होता की हे कोणाला सांगणार नाही, पण तीही आज असती तर म्हणाली असती, सांग गो.

मामा, तो डबा नवा होता. आदल्या आठवड्यात शहापूरच्या बाजारातून आणलेला, पेट्रोलचा थेंबही न लागलेला. खरं तेल नेहमीसारखं तीस पावलांवर, करवंदीच्या जाळीमागे, सावलीत होतं. आप्पांचा नियम मी तुमच्यासाठीसुद्धा मोडला नाही. तुमच्या हातात होता त्या डब्यात पाणी होतं. तुमच्याच बहिणीच्या विहिरीचं, भागीकाकूने सकाळी कळशीने भरलेलं.

ओतलं असतंत, तर फुस्स झालं असतं. आणि सगळ्या मांडवासमोर तुम्ही सुटला असतात.